राज्याचे पाणी, केंद्राचे पाणी: अमेरिकेच्या समुद्रात गळ टाकताना या चुका टाळा

ह्यूस्टन किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या कोकणी माणसाला समुद्र दिसला की गळ आठवतोच. राज्याचा मासेमारी परवाना काढावा, मित्राच्या बोटीत बसावे आणि निघावे, इतके ते सोपे वाटते. प्रत्यक्षात अमेरिकेच्या किनाऱ्यालगतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत असते आणि त्यापुढचे, 200 सागरी मैलांपर्यंतचे, केंद्र सरकारच्या. दोघांचे हंगाम, माशाची किमान लांबी आणि दिवसाला ठेवता येणाऱ्या माशांची संख्या वेगवेगळी असू शकते. हौशी मासेमाराच्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती म्हणजे मासा कुठे गळाला लागला एवढेच पाहिले की पुरे. तो मासा घेऊन बोट कोणत्या पाण्यातून जाते, तो कोणत्या राज्यात उतरवला जातो आणि बोटीकडे कोणता परवाना आहे, हेही कायदा तितक्याच बारकाईने पाहतो.

सीमा 12 मैलांवर आहे असे मानणे

ही चूक आपल्याकडून होण्याचा संभव अधिक, कारण महाराष्ट्राचा सागरी मासेमारी कायदा 12 सागरी मैलांपर्यंत चालतो आणि तो आकडा डोक्यात पक्का बसलेला असतो. अमेरिकेच्या नकाशांवरही 12 मैलांची रेषा असते. पण मासेमारीतील राज्य आणि केंद्र यांच्या वाटणीशी तिचा संबंध नाही. 1953 च्या कायद्याने बहुतेक राज्यांना 3 सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर, एवढेच पाणी मिळाले. टेक्सास आणि फ्लोरिडाचा मेक्सिकोच्या आखाताकडील किनारा हे अपवाद आहेत. टेक्सास 1845 मध्ये संघराज्यात येण्यापूर्वी स्वतंत्र प्रजासत्ताक होते आणि त्या काळापासूनचा त्याचा 9 सागरी मैलांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये मान्य केला. फ्लोरिडालाही आखातात तेवढीच हद्द मिळाली. फ्लोरिडाच्या अटलांटिक बाजूला मात्र 3 मैलच आहेत, त्यामुळे एकाच राज्यात किनारा बदलला की हिशेब बदलतो. लुइझियाना, मिसिसिपी आणि अलाबामा यांना आखातातील खडकाळ तळाच्या (रेड स्नॅपरसारख्या) माशांच्या व्यवस्थापनापुरते 9 मैल दिले गेले आहेत. यांतील मुख्य रेषा सागरी नकाशावर छापलेल्या असतात. त्या जीपीएसवर दिसत आहेत की नाही, हे धक्का सोडण्यापूर्वीच तपासावे.

मासा राज्यात पकडला, म्हणून निर्धास्त राहणे

आखातातील रेड स्नॅपर हा आपल्या तांबोशीच्या कुळातला मासा आणि राज्य-केंद्र वादाचा खरा नायक. 2017 मध्ये खासगी बोटींसाठी केंद्रीय पाण्यातील त्याचा हंगाम आधी केवळ 3 दिवसांचा ठरला, कारण राज्यांच्या पाण्यात तो दीर्घकाळ खुला होता आणि तेथे पकडला गेलेला प्रत्येक मासा त्याच एकत्रित कोट्यातून वजा होत होता. ओरड झाल्यावर केंद्राच्या वाणिज्य खात्याने आणखी 39 दिवस दिले आणि बदल्यात राज्यांनी आपले पाणी काही दिवस बंद ठेवले. पुढे 2020 पासून खासगी मासेमारांचा हंगाम ठरवण्याचे काम आखातातील पाचही राज्यांकडे सोपवले गेले. त्यामुळे भांडण थंडावले, पण दोन नियमावल्या एक झाल्या नाहीत. टेक्सासच्या पाण्यात रेड स्नॅपर वर्षभर खुला असतो आणि 15 इंचांचे 4 मासे ठेवता येतात. केंद्रीय पाण्यात मात्र हंगामातच, 16 इंचांचे 2. हंगाम बंद असताना राज्याच्या पाण्यात रीतसर 4 मासे पकडून, नंतर आणखी पुढे किंगफिश शोधायला (तो आपल्या सुरमईचा जवळचा भाऊ) 9 मैलांची रेषा ओलांडली, की तेच मासे बेकायदा ठरतात. आधी दूर जावे आणि परतताना जवळचे मासे धरावेत, हा क्रम पाळला तर प्रश्न उद्भवत नाही.

याच माशाबाबत आणखी एक गफलत भाड्याच्या बोटीवर होते. आखातातील खडकाळ तळाच्या माशांचा केंद्रीय परवाना असलेल्या भाड्याच्या बोटीला, राज्याचा नियम सैल असला तरी, राज्याच्या पाण्यातही केंद्राचाच कडक नियम लागू राहतो. शेजारच्या खासगी बोटीवर 4 मासे चढत असताना आपला कप्तान नाही म्हणतो, तेव्हा तो अडवणूक करत नसतो. बोट ठरवतानाच हे विचारून घेतलेले बरे. जाता जाता एक सूचना: केंद्र सरकारच्या कागदपत्रांत 2025 पासून या आखाताचे नाव ‘गल्फ ऑफ अमेरिका’ असे छापले जाते, तेव्हा जुन्या नावाने शोधून नवा नियम सापडला नाही तर गोंधळू नये.

अटलांटिक किनाऱ्यावर उत्तरेकडे हाच घोळ पट्टेरी बास या माशाचा आहे. केंद्रीय पाण्यात तो पकडण्यास आणि जवळ बाळगण्यास 1990 पासून बंदी आहे, सोडून देण्याच्या इराद्याने त्याच्यासाठी गळ टाकणेही चालत नाही, आणि चुकून लागला तर तो तत्काळ सोडावा लागतो. ऱ्होड आयलंडजवळील ब्लॉक आयलंडच्या भोवती राज्याचे पाणी आहे, परंतु बेट आणि मुख्य किनारा यांच्यामध्ये केंद्रीय पाण्याचा एक तुकडा येतो. तेथे राज्याच्या पाण्यात पकडलेला बास घेऊन जाण्याची सवलत आहे, मात्र वाटेत न थांबता आणि गळ न टाकता.

एकाच परवान्यावर सर्व निभावेल असे समजणे

राज्याचा परवाना माणसाचा असतो. कुपा, शार्क, तलवारमासा यांसाठी अटलांटिक आणि आखातात लागणारा केंद्रीय परवाना बोटीचा असतो, आणि शार्कसाठी त्यावर स्वतंत्र नोंद 2018 पासून आवश्यक आहे. आखातातील केंद्रीय पाण्यात खडकाळ तळाचे मासे धरताना, खोलातून वर आल्यामुळे फुगलेला मासा परत खाली पोहोचवणारे किंवा त्याच्यातील हवा काढणारे साधन बोटीवर तयार ठेवणे 2022 मध्ये बंधनकारक करण्यात आले होते. नैसर्गिक आमिष लावत असाल तर स्टेनलेस स्टीलचा नसलेला, वर्तुळाकार गळच वापरावा लागतो. आणि मासे बोटीवर साफ करण्याची कोकणी घाई येथे नडते, कारण ते डोके आणि पर यांसकट किनाऱ्यावर आणावे लागतात.

तपासणी राज्याच्या अधिकाऱ्याने केली म्हणजे केवळ राज्याचा नियम लावला जाईल, हाही भ्रमच आहे. करारानुसार अनेक राज्यांच्या अधिकाऱ्यांना केंद्रीय कायदा अमलात आणण्याचे अधिकार दिलेले आहेत. गस्तीची बोट जवळ येताना पाहून शंकास्पद मासा समुद्रात फेकणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो, म्हणून खोक्यात जे आहे ते तसेच राहू द्यावे आणि तो कोठे लागला हे सरळ सांगावे.