सीरियल पोर्टचा टाइमआउट काढताना या चुका टाळा

मीटरकडे सीरियल पोर्टवरून १० रजिस्टर (रीडिंगचे १६ बिटी खण) मागितले की उत्तर चोख यायचं, १२५ मागितले की टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदतच संपायची. साइटवरच्या माणसाने केबल बदलली, टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर बदलला, शेवटी "तुमचा मीटरच खराब आहे" इथवर गाडी आली. दोष माझ्या कोडच्या एका ओळीत होता. बाइट म्हणजे ८ बिट असं धरून मी वेळ काढला होता.

तारेवर बाइटमागे ८ बिट जात नाहीत. पुढे स्टार्ट बिट, मागे स्टॉप बिट, म्हणून ८-एन-१ ला (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) १० बिट होतात. माझ्या लाइनवर ईव्हन पॅरिटी (चूक पकडायला बाइटमागे एक जादा बिट) होती, म्हणजे ११. मीटरशी बोलायच्या मॉडबस आरटीयू या पद्धतीत १२५ रजिस्टरचं उत्तर २५५ बाइटांचं असतं. ९६०० बॉडवर (सेकंदाला ९६०० बिट) २५५ × ११ ÷ ९६०० म्हणजे २९२ मिलिसेकंद. मी ८ ने गुणून २१२ काढले आणि वर ५० "असू द्या" म्हणून टाकले. झाले २६२. उत्तर तारेवरून येत असतानाच ड्रायव्हर हात झटकून मोकळा! १० रजिस्टरचं उत्तर मात्र २५ बाइटांचं, २९ मिलिसेकंदांत येणारं. माझ्या चुकीच्या हिशोबानेही त्याला ७१ मिळत होते, म्हणून टेबलावरच्या चाचणीत काहीच दिसलं नाही. आता मी चाचणी सगळ्यात मोठ्या फ्रेमपासून (संदेशापासून) सुरू करतो.

ते ५० सुद्धा अंदाजपंचेच होते. त्यात काय काय मावायला हवं ते बघा. विनंतीचे ८ बाइट बाहेर पडायला ९ मिलिसेकंद लागतात. राइट कॉल परत आलं म्हणजे बाइट तारेवर गेले असं नाही, ते फक्त कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये पोचलेले असतात. घड्याळ तिथून लावायचं असेल तर हे ९ धरा, नाहीतर टीसीड्रेन (सगळे बाइट बाहेर पडेपर्यंत थांबणारं फंक्शन) करून मग लावा. पुढे मीटरचा स्वतःचा विचार करायचा वेळ, तो त्याच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. मध्ये एफटीडीआय चिपचा यूएसबी कन्व्हर्टर असेल तर त्याचा लेटन्सी टायमर (आलेले बाइट पुढे पाठवण्याआधी थांबायचा वेळ) मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो, तेही यात आले.

वैतागून सरळ ५ सेकंद टाकणारेही आहेत. लाइनवरचे तीन मीटर बंद पडले की प्रत्येक फेरीत १५ सेकंद नुसते वाट बघण्यात जातात, आणि बाकीच्या मीटरांची रीडिंग शिळी होतात.

पूर्णांकांचा घोळ जास्त फसवा. १,१५,२०० बॉडवर ८-एन-१ चा एक बाइट सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत जातो. "दर बाइटचे मिलिसेकंद" आधी पूर्णांकात काढून ठेवले तर अपूर्णांक गळून उत्तर शून्य, आणि शून्याला ४०९६ ने गुणा नाहीतर चाळीस हजाराने. आधी गुणाकार, मग भागाकार, आणि भागाकार वरच्या अंकाकडे. पण मायक्रोसेकंदांत गुणायला गेलात तर दुसरा खड्डा आहे: ४२९ × १० × १०,००,००० हे ३२ बिटांत बसतं, ४३० ला ओसंडतं. ४२९ बाइटांना ३७ मिलिसेकंदांचा टाइमआउट मिळतो आणि ४३० बाइटांना ४३ मायक्रोसेकंदांचा. असा बग केबलवर ढकलायला किती सोपा! व्हेरिएबल ६४ बिटांचं घ्या, विषय संपला.

विंडोजवर रीड टाइमआउटचं मल्टिप्लायर गुणिले बाइट अधिक कॉन्स्टंट असं सूत्र आहे, तेही पूर्ण मिलिसेकंदांत. जास्त वेगाला मल्टिप्लायर १ ठेवला तर ४०९६ बाइटांसाठी चार सेकंद होतात, जिथे ३५६ मिलिसेकंद पुरतात. मी मल्टिप्लायर शून्य ठेवतो आणि दर वेळी हिशोब करून कॉन्स्टंट भरतो. मल्टिप्लायर, कॉन्स्टंट आणि दोन बाइटांमधला इंटरव्हल हे तिन्ही रीड टाइमआउट शून्य राहिले तर मात्र "ताबडतोब परत ये" असा अर्थ होत नाही, टाइमआउटच बंद होतो.

लिनक्सवर व्हीटाइम (रीडची मुदत ठरवणारी सेटिंग) सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात मोजतात. ३०० मिलिसेकंदांसाठी ३ लिहायचे. ३०० लिहिले तर एका बाइटच्या त्या खणात ते बसतच नाहीत, उरतात ४४, म्हणजे ४.४ सेकंद. शिवाय व्हीमिन (रीडने किमान किती बाइटांची वाट बघायची तो आकडा) शून्यापेक्षा मोठा असेल तर हे घड्याळ पहिला बाइट आल्यावरच सुरू होतं. मीटरची वीज गेलेली असली तर रीड बसलंय आपलं कायमचं! त्यापेक्षा पोल किंवा सिलेक्ट (डेटा येईपर्यंत ठरावीक वेळच थांबणारे कॉल) लावून मुदत स्वतः सांभाळा.

कर्नलमध्ये ड्रायव्हर लिहीत असाल तर मुदत संपली का हे साध्या "मोठं-लहान" तुलनेने बघू नका, त्यासाठीचा टाइम-आफ्टर मॅक्रो वापरा. जिफीजचा (कर्नलच्या घड्याळाचे टिक मोजणारा) आकडा कधीतरी पुन्हा शून्यावर येतोच. हा बग महिनोन्महिने लपून राहू नये म्हणून लिनक्स तो आकडा मुद्दाम असा सुरू करतं, की ३२ बिटी मशीनवर तो बूटनंतर पाचव्या मिनिटालाच गुंडाळला जातो. तुमचा ड्रायव्हर नेमका पाच मिनिटांनी अडकत असेल तर आधी ही तुलना बघा.