झूमधल्या प्राण्यांवर रिसर्च करायचाय? आधी एवढं वाचा

बीएससी झालेली, कधी कधी बारावीचीच मुलं विचारतात की ताई मला वाघ-बिबट्यांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू. मी उलट विचारते, हात लावायचाय की बघायचंय? कारण तिथेच रस्ता फुटतो आणि नंतर बदलायला फार वर्षं जातात.

हात लावायचा म्हणजे भूल देणं, रक्त काढणं, उपचार, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम. त्याला बीव्हीएससी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची डिग्री, लागतंच. नीट (NEET) परीक्षा द्या, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं काढा, आपल्याकडे माफसूची, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची कॉलेजं परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळला आहेत. त्या साडेपाच वर्षांत गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या आणि कुत्रीच जास्त असतात, हे ऐकलं की मुलांचे चेहरे पडतात. पण बिबट्याची किडनी कळायला आधी मांजराची कळावी लागते, त्याला इलाज नाही. पुढे वन्यजीवांकडे वळायचं तर बरेलीची आयव्हीआरआय ही पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे, नागपूरजवळ गोरेवाड्याला माफसूचं वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे.

मी एमएससी झूलॉजीवाली, त्यामुळे माझं सगळं काम बघणं आणि विष्ठा गोळा करणं. आई लोकांना सांगते पोरगी वाघांवर काम करते, पुढचं सांगत नाही.

आता बघणं म्हणजे काय, तर पिंजऱ्यासमोर उभं राहून "बिबट्या उदास दिसतोय" लिहिणं नाही. आधी एथोग्राम बनवायचा, म्हणजे प्राणी काय काय करतो त्याची यादी आणि प्रत्येकाची पक्की व्याख्या. पेसिंग म्हणजे त्याच वाटेने सलग तीन किंवा जास्त फेऱ्या, असं काहीतरी ठरवून लिहायचं, नाहीतर तुमचं पेसिंग वेगळं आणि तुमच्या पार्टनरचं वेगळं. मग फोकल (एकाच प्राण्यावर सलग नजर) की स्कॅन (ठरावीक वेळाने सगळ्यांवर एक नजर) सॅम्पलिंग ते ठरवा, प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक जीन आल्टमन यांचा 1974 चा पेपर याच विषयावर आहे, जुना आहे म्हणून सोडू नका, अजूनही सगळे तिथूनच सुरू करतात. सुरुवातीला दोघांनी एकच व्हिडिओ वेगवेगळं बसून नोंदवायचा आणि मग जुळवायचा, जुळत नसेल तर व्याख्येत घोळ आहे.

आणि वेळ! खाण्याच्या आधी मांसाहारी प्राण्यांचं पेसिंग खूप वाढतं, त्यामुळे तुम्ही रोज फक्त तेवढाच तास गेलात तर रिपोर्टमध्ये बिबट्या दिवसभर येरझाऱ्याच घालतो असं येईल. रविवारची गर्दी पण घ्या आणि बंदचा दिवस पण घ्या, पुण्याच्या कात्रज झूला तो बुधवार असतो. बऱ्याच झूमध्ये आठवड्यातून एक दिवस वाघ-बिबट्यांना उपवास असतो, तो कुठला ते विचारून वहीत लिहून ठेवा कारण त्याचा वागण्यावर आणि विष्ठेवर दोन्हीवर परिणाम होतो.

सगळ्यात जास्त थिसिस कुठे अडकतात सांगू का, एका झूमध्ये दोन-तीन बिबटे, मुलं हजारो नोंदी करतात आणि म्हणतात माझा सॅम्पल साइज हजारो. नाही हो, तो दोन किंवा तीनच आहे, एकाच प्राण्याला हजार वेळा बघितलं तरी प्राणी एकच. म्हणून प्रपोजल करतानाच तीन-चार झू धरा.

विष्ठेचं काम मला स्वतःला जास्त आवडतं. स्ट्रेस हार्मोन मोजायला रक्त काढायचं तर प्राणी स्क्वीझ केजमध्ये (भिंत सरकवून प्राण्याला दाबून धरणारा पिंजरा) घ्यावा लागतो किंवा भुलीची सुई मारून डार्ट करावा लागतो, आणि त्यानेच स्ट्रेस वाढतो, मग मोजलं काय? विष्ठेत त्या हार्मोनचे तुकडे उतरतात, पचनाला लागतो तेवढा वेळ मागचे, म्हणजे आज सकाळी जे मिळतं ते साधारण आदल्या दिवसाचं. पण सॅम्पल ताजंच हवं, पडून राहिलं की बॅक्टेरिया त्याची वाट लावतात, लगेच बर्फात आणि मग फ्रीझरला. दोन प्राणी एकत्र असतील तर एकाच्या मटणात खायचा रंग घालतात म्हणजे कोणाचं कुठलं ते कळतं. हैदराबादला सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या लॅकोन्स या वन्यजीव लॅबमध्ये हे हार्मोनचं काम चालतं, हैदराबादच्याच झूमधल्या 8 सिंहांना 2021 मध्ये कोरोना झाला तेव्हाची तपासणीही तिथलीच.

आणि इथे कीपर दादा लागतात. सकाळी नाइट शेल्टर पाइपने धुतलं की तुमचं सॅम्पल गटारात. त्यांच्या आधी पोचा, धुवायला मदत करा, चहा पाजा. कुठला प्राणी दोन दिवस कमी खातोय हे डॉक्टरांच्या आधी त्यांना कळतं आणि ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं.

अॅनाटॉमीवाल्यांना, म्हणजे शरीररचना अभ्यासणाऱ्यांना, वाट बघण्याची तयारी पाहिजे, कारण मटेरियल पीएममधूनच येतं आणि वाघ-बिबट्यासारखे प्राणी वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये (सगळ्यात कडक संरक्षणाची यादी) असल्यामुळे पीएमनंतर वनखात्यासमोर जाळून टाकतात. परमिशन हातात नसेल तर एक तुकडाही मिळत नाही. मिळाला तर पातळ कापून दहापट फॉर्मालिनमध्ये, अख्खी किडनी बाटलीत कोंबली तर आतून सडते. हे कंटाळवाणं वाटतं पण डिसेंबर 2024 मध्ये गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरला 3 वाघ आणि 1 बिबट्या मेले, तेव्हा सॅम्पल भोपाळच्या लॅबला गेली म्हणून बर्ड फ्लू कळला.

पिंजऱ्यातल्या प्राण्यांवरच्या अभ्यासाचा उपयोग काय असं कोणी विचारलं तर मी गिधाडं सांगते. गुरांना देतात त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने, मेलेली गुरं खाऊन ती मरतात हे 2004 ला कळलं, पण गुरांना त्याऐवजी काय द्यायचं? मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक आधी पाळलेल्या गिधाडांना देऊन बघितलं, सुरक्षित निघालं, आणि 2006 ला आपल्याकडे गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद झालं.

परमिशनला सहा महिने आरामात धरा. कात्रज पुणे महापालिकेचं, राणीची बाग मुंबई महापालिकेची, त्यामुळे पत्र आधी तिथे, शिवाय वनखातं आणि सेंट्रल झू अथॉरिटी. प्रत्येक पत्रावर इनवर्ड नंबर घ्याच, "साहेबांच्या टेबलवर आहे" यावर विश्वास ठेवू नका. नुसतं बघायचंय, प्राण्याला हात लावणार नाही, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की फाइल जरा लवकर हलते.

पैशाचं म्हणाल तर सीएसआयआर नेट ही परीक्षा काढा, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप महिन्याला 37,000 आहे. नुसतं व्हॉलंटियर म्हणून वर्ष वर्ष राबू नका, दोन-तीन महिन्यांत कळतं आपल्याला जमतंय का. आणि जायच्या आधी रेबीजची लस घ्या, खोकला असेल तर हत्तींच्या आसपास फिरू नका, टीबी माणसाकडून त्यांना होतो आणि त्यांच्याकडून आपल्याला पण.