एवढा डेटा खातं कोण? शोधायचं कसं?

जूनमध्ये आमचं घरचं इंटरनेट १८ तारखेलाच रखडलं. प्लॅन १००० जीबीचा. थोरलीची ऑनलाइन परीक्षा तोंडावर, म्हणून टॉप-अप मारला. जुलैत पुन्हा तेच. कस्टमर केअरचं एकच उत्तर, "मॅडम, तुमच्याकडे वापर जास्त आहे." कशाचा, ते कुणी सांगेना. मी मुलांवर ओरडले. ते माझं चुकलंच.

तुमच्याकडे असं होत असेल, तर मुलांचे मोबाइल काढून घेण्याआधी चार-पाच दिवस एक करा. रोज रात्री दहाला कंपनीच्या अ‍ॅपमधला वापराचा आकडा कॅलेंडरवर लिहा, दुधाचा हिशेब लिहितो तसा. मग रोज घरातली एकच वस्तू बंद ठेवून बघा. आमचे रोज ५५ जीबी जात होते. टीव्ही बंद ठेवला त्या दिवशी ४६. दारातला आणि अंगणातला कॅमेरा बंद ठेवला त्या दिवशी फक्त १२!

डाउनलोडसारखं अपलोडही मोजलं जातं, हे मला ठाऊकच नव्हतं. कॅमेरा २ एमबीपीएसने सतत क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, चित्रण पाठवत असेल, तर तासाला ९०० एमबी, दिवसाला साधारण २१-२२ जीबी. असे दोन कॅमेरे महिन्याला जवळजवळ १३०० जीबी खातात.

कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घाला आणि सेटिंगमध्ये 'हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग' निवडा. अंगणातल्या कॅमेऱ्यासमोर आमच्या पेरूची फांदी वाऱ्याने हलायची आणि तो दिवसभर चालूच राहायचा. तेवढा भाग मोशन झोनमधून, म्हणजे कॅमेरा हालचाल टिपतो त्या भागातून, वगळला, तेव्हा कुठे थांबला. टीव्हीवर व्हिडिओचा दर्जा 'ऑटो'ऐवजी ७२० ठेवा, फोटोंचा बॅकअप तपासा.

आता तक्रारीचं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांच्या २०१६च्या निर्देशानुसार ५०, ९० आणि १०० टक्के डेटा संपल्यावर तुम्हाला कळवलं गेलं पाहिजे. मला एकही मेसेज आला नव्हता. नुसतं फोनवर भांडू नका, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

मी डॉकेट नंबर घेतला तेव्हा उलगडा झाला. कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर, आणि मेसेज त्यांच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जात होते. टॉप-अपचे पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून आधी अ‍ॅपमध्ये नोंदवलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे ते बघा.