बॅटरी बदलली की घड्याळ बघा, मग बांध सोडा

नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात, उसात ट्रॅप कॅमेरे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे) लावून बिबटे मोजायचे, हा माझा एमएस्सीचा विषय. इथंच झालेला आणि २०१३ साली छापून आलेला अभ्यास वाचूनच मी गेलो होतो. दर १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच बिबटे, तेही अभयारण्याबाहेर, माणसांच्या दाट वस्तीत. वाटलं, आपणही मोजू.

एका जागी समोरासमोर दोन कॅमेरे का लावतात, हे तुम्हाला माहीत असेलच. कोणता बिबट्या हे ठिपक्यांवरून ओळखतात, पण त्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके वेगळे, उजव्या कुशीवरचे वेगळे. दोन्ही फोटो एकाच क्षणाचे असले तरच ते एकाच जनावराचे म्हणता येतात. मी सेल बदलले आणि एका कॅमेऱ्याचं घड्याळ परत १ जानेवारी, रात्री बारावर गेलं. दिसलं होतं मला. पण ऊन चढलं होतं, म्हटलं नंतर जुळवू. मग तीन ठिकाणी हेच केलं. शेवटी हातात राहिल्या पाच डाव्या कुशी आणि सहा उजव्या. बिबटे किती? सहा असतील, अकराही असतील. चार महिने उन्हातान्हात फिरून हे उत्तर!

म्हणून सेल बदलले की मोबाइलवरचं घड्याळ दोन्ही कॅमेऱ्यांसमोर धरून फोटो पाडा. कार्ड काढतानाही पाडा. मधे घड्याळ चुकलं असेल तर फरक मोजून वेळ दुरुस्त करता येते. दोन मिनिटांचं काम आहे. आळस केलात तर रडाल.

बिबट्यांचे फोटो सॉफ्टवेअर निवडून देईल, पण चुकलेली वेळ त्याला कळत नाही. आणि गाइड नावाजलेला नसला तरी चालेल, तुमची एक्सेल शीट उघडून बघणारा हवा. माझ्या गाइडनी ती थेट शेवटच्या महिन्यात पाहिली.

आकडा हवा कशाला? जुन्नर भागात २००१ नंतर पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले आणि माणसांवरचे हल्ले उलट वाढले. पिंजरा लावा म्हणून गाव अडून बसतं, तेव्हा समजवायला हातात धड आकडा असावा लागतो.

घाबरू नका, माझा प्रबंध झाला पास. संख्येचं प्रकरण गाळलं, बिबटे कुठं आणि कधी फिरतात तेवढंच ठेवलं. तेही घड्याळ शाबूत असलेल्या कॅमेऱ्यांवरून.

आणि हो, इथं बिबट्यालाही वाघच म्हणतात. मुलाखतीत ‘वाघ पाहिला’ असं कुणी म्हटलं की वहीत पट्टेरी वाघ लिहून मोकळे होऊ नका.