बॅकग्राउंड ब्लर करताना कडा का फसते

माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो, तेव्हा बहुतेक जण ब्लर वाढवून किंवा मास्कला (लेयरचा कोणता भाग दिसावा ते ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या झाकणाला) फेदर देऊन, म्हणजे त्याची कड मऊ करून बघतात. खोट मात्र थराखालच्या थरात असते. खालची कृती फोटोशॉपची आहे आणि आकडे ६००० पिक्सेल रुंद फोटोसाठी आहेत. १५०० पिक्सेलच्या फोटोला चौथाई धरा.

कंट्रोल-जे दोनदा दाबून मूळ लेयरच्या दोन कॉपी करा. मूळ तळाशी तसाच राहू द्या. सर्वांत वरच्या कॉपीवर माणूस सिलेक्ट करून मास्क लावा. कपड्यांच्या कडेला १ पिक्सेल फेदर पुरे. केसांना फेदर देऊ नका, नाहीतर डोक्याभोवती धुकं बसतं. सिलेक्ट अँड मास्कमधला रिफाइन एज ब्रश केसांच्या टोकांवरून फिरवा.

आता मधली कॉपी, म्हणजे बॅकग्राउंड. इथेच घाई नडते. ती तशीच ब्लर केली, तर लाल शर्टाचा रंग बाहेर सांडतो आणि माणसाभोवती लालसर वलय उमटतं. मग कितीही मास्क घासा, ते जात नाही, कारण ते मास्कमध्ये नाहीच. म्हणून आधी माणूस या थरातून काढून टाका. लेयर्स पॅनलमधल्या मास्कच्या चौकोनावर कंट्रोल धरून क्लिक करा, सिलेक्शन परत येईल. मधली कॉपी निवडा, सिलेक्ट मेनूतल्या मॉडिफायमधून एक्सपांड १५ पिक्सेल करा आणि एडिट मेनूतल्या फिलमध्ये कंटेंट-अवेअर निवडून भरा. भरलेला भाग ओबडधोबड दिसला तरी हरकत नाही, बहुतेक ब्लरखाली जातो. मग कंट्रोल-डी दाबून सिलेक्शन काढा. ते विसरलात, तर फक्त तेवढाच तुकडा ब्लर होईल.

जमीन दिसत असेल तर सगळीकडे सारखा ब्लर खोटा वाटतो. पायाजवळची जमीन पायाइतकीच स्पष्ट हवी. यासाठी ब्लर लेयरच्या मास्कवर काळा-पांढरा ग्रेडियंट ओढायची सवय अनेकांना असते. पण मास्कमधला करडा रंग म्हणजे मध्यम ब्लर नव्हे. तिथे स्पष्ट आणि धूसर अशी दोन चित्रं एकमेकांवर अर्धवट दिसतात: दगडाची कड तीक्ष्णच राहते आणि तिच्याभोवती पसरट सावली येते.

खरा उतरता ब्लर हवा तर चॅनल्स पॅनलमध्ये नवा अल्फा चॅनल, म्हणजे मास्कसारखं काळं-पांढरं चित्र साठवणारा चॅनल, घ्या. पायाच्या रेषेवर काळा, तिथून क्षितिजापर्यंत हळूहळू पांढरा असा ग्रेडियंट भरा. क्षितिजावरचं सगळं पांढरं. कॅमेऱ्याच्या बाजूची जमीन खाली जाताना थोडी करडी. मधल्या लेयरवर परत येऊन लेन्स ब्लर उघडा, डेप्थ मॅपचा (कुठे किती ब्लर ते सांगणाऱ्या नकाशाचा) सोर्स म्हणून हा चॅनल द्या, ब्लर फोकल डिस्टन्स ० ठेवा आणि रेडियस २५ ते ४०. नेमका उलटा भाग धूसर झाला, तर इन्व्हर्टवर टिचकी मारा. लेन्स ब्लर स्मार्ट फिल्टर म्हणून, म्हणजे नंतर बदलता येईल असा, लागत नाही, त्यामुळे चॅनल जपून ठेवा आणि लावण्याआधी लेयरची एक कॉपी काढून ठेवा.

लांबचे दिवे असतील तर गॉसियन ब्लरवर वेळ घालवू नका. तो दिव्याचा नुसता डाग करतो. लेन्स ब्लर गोल चकत्या काढतो.

मघाच्या फिलमध्ये पायाखालची सावलीही पुसली गेली असेल आणि माणूस तरंगताना दिसेल. वरच्या मास्कवर हार्डनेस ० च्या ब्रशने, फ्लो २० टक्के ठेवून, पायांभोवती पांढरा रंग फिरवा. मूळ जमीन आणि सावली परत येते, आणि तिथे ब्लर नसल्यामुळे सांधाही दिसत नाही.

शेवटी १०० टक्के झूम करून बघा. ब्लरने बॅकग्राउंडचा दाणा (फोटोतली बारीक खरखर) पुसलेला असतो, माणसावर तो तसाच असतो. मधल्या लेयरवर ॲड नॉईज १ ते २ टक्के, गॉसियन आणि मोनोक्रोमॅटिक. आकाशात पट्टे पडले असतील, तर तेही याच नॉईजने मोडतात.