राखीव पॉइंट गार्डची निवड : या चुका टाळा

जूनअखेर एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, करारमुक्त खेळाडूंशी बोलणी सुरू झाली, की पहिले दोन-तीन दिवस सर्वांचे लक्ष मोठ्या नावांकडे असते. राखीव पॉइंट गार्डचा (चेंडू पुढे आणून संघाचा खेळ चालवणाऱ्या दुसऱ्या फळीतील खेळाडूचा) विचार त्यानंतर होतो, आणि तो बहुधा उरलेल्या पैशांत व उरलेल्या नावांतून होतो. या जागेचा हिशेब मात्र एकदा कागदावर मांडून पाहावा. सामना 48 मिनिटांचा असतो. मुख्य पॉइंट गार्ड 34 मिनिटे खेळला तर 14 मिनिटे उरतात, आणि 82 सामन्यांच्या हंगामात त्यांची 1148 मिनिटे होतात. म्हणजे मुख्य खेळाडू हंगामभर ठणठणीत राहिला तरी जवळजवळ 24 पूर्ण सामन्यांइतका वेळ संघाची सूत्रे या दुसऱ्या माणसाच्या हाती असतात. मी अनेक वर्षे बास्केटबॉल शिकवत आलो आहे, काही हंगाम आपल्याकडच्या एका व्यावसायिक संघासाठी खेळाडू निवडण्याचे कामही केले आहे, आणि एनबीएचे सामने पहाटे उठून पूर्ण पाहतो. या जागेबाबत मोठे संघ आणि नवखे निवडकर्ते त्याच त्या चुका करताना पाहून मी थकलो आहे, म्हणून हे लिहितो आहे.

गुण पाहून माणूस घेणे

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या संघाच्या चाचणी शिबिराअखेर राखीव पॉइंट गार्डच्या जागेसाठी दोघे उरले होते. पहिला मुलगा सराव सामन्यांत भलताच रंगात होता. शेवटच्या सामन्यात त्याने एकट्याने 22 गुण केले. दुसऱ्याचे गुण बोटांवर मोजता आले असते, पण तो सतत बोलत होता, सहकाऱ्यांना जागा दाखवत होता, आणि त्याच्या हाती आलेला चेंडू फार वेळ तेथे न राहता योग्य माणसाकडे जात होता. आम्ही पहिल्याला घेतले. त्या निर्णयावर माझीही सही होती, आणि त्या वेळी तो निर्णय मला अगदी सोपा वाटला होता.

हंगामातील तिसऱ्या सामन्यात, दुसऱ्या क्वार्टरच्या आरंभीच आमच्या मुख्य पॉइंट गार्डला तिसरा फाउल लागला. आम्ही नऊ गुणांनी पुढे होतो. आपल्याकडे पाच फाउलनंतर खेळाडू बाद होतो, म्हणून प्रशिक्षकांनी त्याला बाहेर बसवले आणि हा मुलगा आत आला. समोरच्या प्रशिक्षकांनी लगेच फुल कोर्ट प्रेस, म्हणजे पूर्ण मैदानभर अडवणारा बचाव, लावला. आमच्या मुलाला तोवर कोणी त्याच्याच बास्केटखाली अडवलेले नव्हते. त्याचे सारे कौशल्य चेंडू अर्धी रेषा ओलांडून गेल्यावर, बचाव जागेवर उभा राहिल्यावर सुरू होत असे. तो कडेला शिरला आणि तेथे ड्रिबल थांबवून बसला. कडेला ड्रिबल थांबवला की साइडलाइन हीच जादा बचावपटू होते. सात मिनिटांत त्याचे चार टर्नओव्हर झाले, म्हणजे चार वेळा त्याने चेंडू गमावला, त्यांतील दोन वेळा नियमाने दिलेल्या आठ सेकंदांत चेंडू अर्धी रेषादेखील ओलांडू शकला नाही, आणि नऊ गुणांची आघाडी जाऊन आम्ही सहा गुणांनी मागे पडलो. मुख्य गार्डला घाईने परत आणावे लागले आणि चौथ्या क्वार्टरमध्ये तो पाचव्या फाउलवर बाहेर गेला. सामना हातचा गेला, पण मला अधिक लागले ते हे, की त्या मुलाचा आत्मविश्वास हंगामभर परत आला नाही. चूक त्याची नव्हती. जे काम त्याच्याकडून हवे होते, ते आम्ही चाचणीत त्याच्याकडून एकदाही करून घेतले नव्हते.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. शिबिराच्या शेवटच्या दिवशी, सगळे दमलेले असताना, प्रत्येक उमेदवारासमोर दोन ताजेतवाने बचावपटू उभे करतो आणि त्याला दहा वेळा चेंडू आणायला लावतो. त्याने कितीदा रेषा ओलांडली, किती सेकंदांत ओलांडली आणि ओलांडताना त्याची मान वर होती की खाली, एवढ्याच तीन गोष्टी मी वहीत लिहितो. दहापैकी आठ वेळा सहा सेकंदांच्या आत आणि मान वर ठेवून जो येतो, त्याचे गुण किती झाले हे मी नंतर पाहतो. एनबीएच्या खेळाडूंना अशा कवायतीला उभे करता येत नाही. तेथे मी प्रतिस्पर्ध्याने बास्केट केल्यानंतरची पहिली चार सेकंदे पाहतो. हल्लाच 24 सेकंदांत संपवायचा असताना ज्याला चेंडू वर आणून खेळ सांगण्यातच 12 सेकंदे लागतात, तो पुढे कितीही सुंदर खेळला तरी संघाचे अर्धे घड्याळ खाऊन बसलेला असतो. हे पाहायला वेळ लागतो. नवखे निवडकर्ते मला दोन मिनिटांच्या निवडक क्षणांच्या चित्रफिती पाठवतात आणि मत विचारतात. मी त्या उघडत नाही, कारण त्यांत खेळाडूचे चुकलेले पास नसतात आणि मला नेमके तेच पाहायचे असतात.

मुख्य खेळाडूची छोटी प्रत शोधणे

आपला मुख्य गार्ड दुरून तीन गुणांचे फटके मारतो, तर राखीव गार्डही तसाच, फक्त स्वस्तातला हवा, असा विचार अनेक संघ करतात. ही दुधाची तहान ताकावर भागवणे होय. आणि शिवाय समोरच्या बचावाला तोच प्रश्न थोडा सोपा करून दिल्यासारखे होते. इंडियानाने 2025 च्या हंगामात याच्या उलट करून दाखवले. टायरीस हॅलिबर्टन उंच आहे, लांबून फटके मारतो आणि चेंडू लवकर पुढे सोडून देतो. त्याचा राखीव खेळाडू टी. जे. मॅककॉनेल जेमतेम सहा फुटांचा, तीन गुणांचे फटके क्वचितच मारणारा, ड्रिबल न सोडता थेट बास्केटखालून फिरून बाहेर येणारा आणि मधल्या अंतरावर थांबून फटका मारणारा आहे. दोघांत सारखी असते ती संघाची गती. ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्यात मॅककॉनेलने बेंचवरून येऊन 10 गुण, 5 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि 5 स्टील (प्रतिस्पर्ध्याचा चेंडू पळवणे) केले. त्यांतील काही चेंडू तर त्याने प्रतिस्पर्धी बेसलाइनवरून चेंडू आत टाकत असतानाच पळवले. इंडियानाने तो सामना 116-107 असा जिंकला. सातव्या सामन्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनची टाचेमागची कंडरा (अकिलीस) तुटली. मॅककॉनेलने 16 गुण केले, पण सामना 103-91 असा ओक्लाहोमा सिटीकडे गेला. राखीव माणूस चांगला असला म्हणजे मुख्य माणसाची उणीव भासत नाही, असे मी म्हणत नाही. राखीव माणसाची स्वतःची खेळण्याची रीत असावी आणि संघाची चाल त्याच्यामुळे मोडू नये, एवढेच माझे मागणे आहे.

साखळीतील विजयांवर विसंबणे

या चुकीचे उदाहरण द्यायचे तर मला दरवेळी शिकागोचा 2012 चा हंगाम आठवतो. कामबंदीमुळे तो हंगाम 66 सामन्यांचा झाला. मुख्य पॉइंट गार्ड डेरिक रोझ दुखापतींमुळे 27 सामन्यांना मुकला आणि तरी त्याच्याशिवाय शिकागोने 18 सामने जिंकले व फक्त 9 गमावले. सी. जे. वॉटसन आणि जॉन लुकास या राखीव गार्डांवर भागते, असा निष्कर्ष कोणीही काढला असता. 28 एप्रिलला फिलाडेल्फियाविरुद्धच्या पहिल्याच प्लेऑफ (साखळीनंतरच्या बाद फेरीच्या) सामन्यात, विजय जवळजवळ निश्चित झालेला असताना, रोझच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तिसऱ्या सामन्यात सेंटर जोआकिम नोआचा, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचा, घोटा दुखावला. मालिका सहाव्या सामन्यापर्यंत गेली आणि त्या सामन्याची शेवटची सेकंदे मी आजवर कितीतरी मुलांना दाखवली आहेत.

शिकागो 78-77 असे एका गुणाने पुढे होते. फिलाडेल्फियाला घड्याळ थांबवण्यासाठी फाउल करणे भाग होते. चेंडू वॉटसनकडे होता आणि तो फ्री थ्रोत (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीत) भरवशाचा होता. त्याने चेंडू पुढे बास्केटजवळ ओमेर आशिककडे दिला. आशिक फ्री थ्रोत कच्चा होता. सात सेकंद उरलेले असताना फिलाडेल्फियाने आशिकला फाउल केला आणि त्याचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. फिलाडेल्फियाच्या आंद्रे इग्वादालाने रीबाउंड, म्हणजे हुकलेला चेंडू, घेऊन थेट दुसऱ्या टोकापर्यंत धाव घेतली, त्याला फाउल मिळाला आणि 2.2 सेकंद उरलेले असताना त्याने दोन्ही फ्री थ्रो घातले. 79-78. पहिल्या मानांकनाचा संघ आठव्या मानांकनाच्या संघाकडून बाहेर पडला.

वॉटसन वाईट खेळाडू नव्हता, आणि त्या पराभवाला नोआची दुखापतही तेवढीच कारणीभूत होती. पण साखळीत रोझविना जिंकलेल्या 18 सामन्यांनी या प्रसंगाविषयी काहीच सांगितले नव्हते, कारण साखळीत प्रतिस्पर्धी एकाच गार्डचा अभ्यास करून सलग सहा सामने त्याच्यासमोर उभा ठाकत नाही. म्हणून मी प्रत्येक उमेदवाराला बसवून एक प्रश्न विचारतो : आपण एका गुणाने पुढे आहोत, 20 सेकंदे उरली आहेत, समोरचा संघ फाउल करणार आहे, चेंडू कोणाकडे हवा? ‘माझ्याकडे’ हे उत्तर जवळजवळ सगळेच देतात. त्यापुढे, ‘आणि मला ते शक्य झाले नाही तर?’ असे विचारल्यावर जो सहकाऱ्यांची फ्री थ्रोची क्रमवारी अडखळल्याशिवाय सांगतो, त्याच्यापुढे मी वहीत खूण करतो. अडखळणारा माणूस मी सहसा घेत नाही, मग त्याची आकडेवारी काहीही सांगो.

सोबतचे चौघे कोण, हे न पाहणे

राखीव गार्ड एकटा खेळत नाही; तो बहुधा दुसऱ्या फळीतील दोघा-तिघांबरोबर आणि पहिल्या फळीतील एकादोघांबरोबर खेळतो, आणि मोठ्या सामन्यांत तर मुख्य गार्डच्या शेजारीही उभा राहतो. डॅलसने 2011 च्या अंतिम मालिकेत मायामीविरुद्ध 2-1 असे मागे असताना होजे बरेआला सुरुवातीच्या पाचांत आणले आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले. तेव्हा 38 वर्षांचा असलेला जेसन किड चेंडू दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूने खेळू शकत होता, म्हणून हे साधले. टोरांटोच्या 2019 च्या विजेतेपदात फ्रेड व्हॅनव्हलीट कायल लाउरीच्या जोडीला खेळला आणि अंतिम मालिकेच्या निर्णायक सहाव्या सामन्यात त्याने 22 गुण केले. जो गार्ड चेंडू हातात नसला की नुसता उभा राहतो, त्याला अशी जोडी जमत नाही. बुटका गार्ड घ्यायचा असेल तर त्याच्यामागे उंच आणि बोलका सेंटर आहे का, हे आधी पाहावे, कारण प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्धी प्रत्येक पिक अँड रोलमध्ये (सहकाऱ्याने आडवे उभे राहून बचावपटू अडवण्याच्या चालीत) त्यालाच ओढणार आहे. बरेआ, व्हॅनव्हलीट आणि मॅककॉनेल या तिघांचीही ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवड झाली नव्हती, हे नावांच्या मागे लागणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बाकीच्या चुका थोडक्यात

पाच-सहा सामन्यांच्या अधिक-उण्यावरून, म्हणजे खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे वा मागे गेला यावरून, निर्णय घेऊ नये. येथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही, कारण त्या मिनिटांत समोर कोण होते यावरच तो आकडा बहुतांशी ठरतो.

असिस्ट आणि टर्नओव्हरचे गुणोत्तर उपयोगी आहे, परंतु जो धोकाच पत्करत नाही त्याचेही गुणोत्तर सुंदर दिसते, म्हणून त्याच्या पासनंतर सहकाऱ्याला मोकळा फटका मिळतो का हे डोळ्यांनी पाहावे.

उत्तम राखीव खेळाडूला मुख्य जागेचे उत्तर समजू नये. टायस जोन्सच्या साथीने मेम्फिसने 2021-22 मध्ये मुख्य गार्ड जा मोरँटविना 25 पैकी 20 सामने जिंकले. तोच जोन्स 2024-25 मध्ये फिनिक्ससाठी बहुतेक सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि त्या संघाचे 36 विजय व 46 पराभव झाले. सारा दोष त्याचा नव्हता, पण काम वेगळे होते.

तिसरा गार्ड टू-वे करारावर (एनबीए आणि तिची दुय्यम लीग या दोन्हींत खेळण्याच्या करारावर) ठेवून निश्चिंत होऊ नये. असा खेळाडू 50 सामन्यांपुरताच उपलब्ध असतो आणि करार बदलल्याशिवाय प्लेऑफमध्ये खेळू शकत नाही. तसेच 1 मार्चनंतर दुसऱ्या संघाने मुक्त केलेला खेळाडू प्लेऑफसाठी चालत नाही, तेव्हा शोध फेब्रुवारीतच संपवावा.

एकदा अपयशी ठरलेल्याला कायमचे खोडणे

घाईने निवड करणारे लोक जुन्या अपयशाचे कारण शोधत नाहीत. कॅमेरॉन पेन 2015 च्या ड्राफ्टमध्ये चौदावा निवडला गेला, दोन-तीन संघांत जमला नाही, आणि चीनमधील लीगपर्यंत जाऊन आला. 2020 च्या उन्हाळ्यात फिनिक्सने त्याला, कोविडमुळे थांबलेल्या हंगामाच्या ऑरलँडोत खेळवलेल्या उरलेल्या सामन्यांसाठी घेतले आणि तेथे संघाने आठही सामने जिंकले. पुढच्या वर्षी पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत मुख्य गार्ड ख्रिस पॉल पहिले दोन सामने खेळू शकला नाही. दुसऱ्या सामन्यात पेनने 29 गुण आणि 9 असिस्ट केले आणि फिनिक्स 104-103 असे जिंकले. पूर्वी त्याच्याकडून कोणते काम अपेक्षित होते आणि फिनिक्सने कोणते दिले, हे जुने सामने पुन्हा पाहिल्याशिवाय कळत नाही. मी यासाठी दहा नावांची एक यादी ठेवतो, दर जानेवारीत ती पुन्हा लिहितो, आणि प्रत्येक नावासाठी पाच पूर्ण सामने पाहतो. त्यांतील किमान दोन बाहेरगावी गमावलेले असतात. त्या सामन्यांत तो बेंचवर असताना टाइमआउटमध्ये कोठे उभा राहतो आणि कोणाशी बोलतो, हेही मी लिहून ठेवतो.