ऑफिसची मंडळी, लहान पोरं आणि राजहंसगड: या चुका टाळा

बेळगावातून रविवारी निघालेली ऑफिसची चढाई बिनसते ती बहुतेक वेळा डोंगरामुळे नव्हे, वेळापत्रकामुळे. ते आखणारा सहसा पंचविशीतला, एकटा जीव. ‘तासाभरात वर’ हा त्याच्या पायांचा हिशोब. पाच-सहा वर्षांचं पोर चढावर तासाला एक-दीड किलोमीटर चालतं, शिवाय वाटेतला प्रत्येक मुंगळा त्याला बघायचा असतो. सगळ्यात लहान चालणाऱ्याचा वेग धरा आणि जाऊन-येऊन चार किलोमीटरवर थांबा.

भीमगडचा हट्ट

भीमगड हा किल्ला अभयारण्यात आहे. वनखात्याची परवानगी लागते आणि जंगलात फोनच्या रेंजचा भरवसा नाही. पोरांसोबत राजहंसगड बरा. शहरापासून पंधराएक किलोमीटर, येळ्ळूरच्या डोक्यावर, वर सिद्धेश्वराचं देऊळ. खरी सोय म्हणजे गाडीरस्ता गडापर्यंत जातो, त्यामुळे दमलेल्याला उतरून यावं लागत नाही. फक्त गाडी वर उभी ठेवा. ड्रायव्हरला जेवायला खाली गावात पाठवलं की ही सोय गेलीच. नोव्हेंबर ते जानेवारीत सकाळी साडेसातला पाय उचला, अकराच्या आत सावली गाठा.

‘कुणीतरी बघत असेल’

दहा मोठी माणसं असली की पोर दहाजणांच्या नजरेतून सुटतं. आई स्वयंपाकाच्या गप्पांत, बाबा साहेबांच्या शेजारी. निघण्याआधीच दोन मुलांमागे एक मोठा माणूस नावानिशी ठरवा. एक जण सर्वांत पुढे, एक शेवटी. पुढच्याच्या पुढे कुणी नाही, शेवटच्याच्या मागे कुणी नाही. शेवटचा माणूस लहान पोराचा बाप नसावा, कारण पोर पुढे पळालं की तोही पळतो. प्रत्येक फाट्यावर डोकी मोजा. तटबंदीवर फोटो काढताना मात्र मोजणी पुरत नाही, तिथे पोराचा हात हातातच हवा.

पाण्याचा एकच कॅन

तो ज्याच्या पाठीवर, तो नेमका सर्वांत पुढे असतो. बाटली ज्याची त्याच्याकडे. तासाला मोठ्याला अर्धा लिटर, मुलाला पाव लिटर धरा. तहान लागायची वाट न बघता वीस मिनिटांनी दोन-तीन घोट द्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवा. छोट्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर मीठ-साखरेचं प्रमाण बिघडतं. कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा परतीला उघडा, चढावर तो तहान वाढवतो.

पोर बसलं, उठेना

रागावण्याआधी क्रमाने बघा: बुटात खडा, मोज्याची घडी, शू, मग भूक. केळं किंवा दशमीचा तुकडा बहुतेक वेळा काम करतो. पाच वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात, लाडू चालेल. तरीही हलेना तर दहा मिनिटं सगळेच बसा. त्याला आईजवळ ठेवून बाकीचे पुढे गेले की तासाभरात दोन तुकड्या होतात.

आणि हाताला हिसका देऊन ओढू नका. लहान मुलाच्या कोपराचं हाड जागेवरून सरकतं. पोर रडून हात लोंबता ठेवतं, उचलत नाही. अशा वेळी हात बसवण्याचे प्रयोग नकोत; जसा आहे तसा आधार देऊन दवाखान्यात न्या.

उतार सोपा समजणं

तांबड्या मातीवरचे बारीक खडे पायाखाली गोट्यांसारखे फिरतात, आणि शाळेचे झिजलेले बूट त्यावर सरळ घसरतात. उतरण्याआधी लेस घोट्यापाशी आवळून बांधा, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. मोठ्याने मुलाच्या खालच्या बाजूला राहून चालायचं. उचलून घ्यावं लागलं तर पुढे नको, पाठीवर घ्या. पुढे घेतलं की स्वतःचा पाय कुठे पडतोय तेच दिसत नाही.